पातळ हातमोजा, जाड हातमोजा

ट्रायल रायडिंगमध्ये कुणी कुणाला मागे टाकत नाही. दगडगोटे, ओहळ, चढ, झाडांची मुळं अशा आखून दिलेल्या पट्ट्यातून, फूटरेस्टवर उभं राहून, माणसाच्या चालीने गाडी पलीकडे न्यायची आणि पाय टेकू द्यायचा नाही. एकदा टेकला तर एक दंडगुण, दोनदा टेकला तर दोन, त्याहून जास्त वेळा कितीही टेकला तरी तीन. गाडी पडली किंवा पट्ट्याबाहेर गेली की पाच. स्कॉटलंडमध्ये फोर्ट विल्यमच्या परिसरात सहा-सहा दिवस हा खेळ चालतो. स्पेनच्या टोनी बोऊने 2007 पासून या खेळातल्या जगज्जेतेपदांची रांग लावली आहे. त्याच्यासारख्यांची गाडी साधारण 70 किलोची असते. आपल्याकडे तशी गाडी मिळणं दुरापास्त, म्हणून रायगडच्या किनारपट्टीवर आम्ही जे मोजके लोक हा नाद करतो ते एक्सपल्स किंवा हिमालयनवर, म्हणजे 150 किलोच्या वरच्या गाडीवर करतो. वजन दुपटीच्या पुढे गेलं की तोल सावरायला क्षणभरच मिळतो, आणि सावरायचं काम करते क्लचवरची, डाव्या हाताची तर्जनी.

हातमोजे घेताना बहुतेक जण पडल्यावर हाताचं काय होईल याचा विचार करतात. रस्त्यासाठी ते योग्यच आहे. ट्रायलसाठी मात्र पहिला प्रश्न वेगळा: हा हातमोजा घालून एका बोटाने क्लच पूर्ण दाबला जातो का?

हा प्रश्न मला एका खडकाने शिकवला. मुरूड तालुक्यात ओळखीच्या एका बागायतदारांच्या माळावर, पावसाळ्यात भरून वाहणाऱ्या ओढ्याच्या कोरड्या पात्रात आम्ही सराव करतो. (किनाऱ्यावरच्या वाळूत गाडी घालत नाही आणि तुम्हीही घालू नका. पोलीस कारवाई करतात, ती योग्यच आहे. तिथे पोरंबाळं खेळत असतात.) हातात चांगले नावाजलेले रायडिंग ग्लोव्हज होते, अडीच हजारांचे, बोटांच्या सांध्यांवर टणक प्लास्टिक, प्रत्येक बोटावर फोमची गादी. पुढचं चाक गुडघाभर उंचीच्या काळ्या खडकावर चढवलं, माथ्यावर क्षणभर थांबायचं म्हणून तर्जनीने क्लच ओढला. लिव्हर आत आली आणि अर्ध्यावरच अडली. ग्रिपभोवती वळलेल्या बाकीच्या तीन बोटांवर जी गादी होती, तिच्यावर ती टेकली होती. क्लच पुरता सुटलाच नाही. गाडीने पुढे हिसका दिला, चाक खडकावरून घसरलं आणि मी डाव्या अंगावर, हँडलखाली. मधलं बोट लिव्हर आणि ग्रिपमध्ये चेमटलं, नख काळंनिळं पडलं आणि पुढे गळून गेलं.

क्लचच्या प्लेटा गेल्या असतील असं धरून गाडी रेवदंड्याला मेकॅनिककडे नेली. त्याने क्लच दोन-तीनदा दाबला आणि म्हणाला, "दादा, क्लच एकदम बरोबर आहे. तुम्ही हातमोजा घालून दाबा, मग काढून दाबा." उघड्या हाताने लिव्हर ग्रिपच्या जवळ येत होती. हातमोजा घातल्यावर मधे अंगठा जाईल एवढी फट राहत होती. रस्त्यावर चारही बोटांनी क्लच ओढताना ही अडचण कधी जाणवतच नाही, कारण तेव्हा ग्रिप आणि लिव्हरच्या मधे बोटं नसतात. एका बोटाने चालवणाऱ्याची तीन बोटं मात्र कायम तिथे असतात. महागातला, जास्त संरक्षण देणारा म्हणून घेतलेला हातमोजा या खेळात नेमका धोक्याचा ठरतो तो यामुळे.

म्हणून खरेदीला जाल तेव्हा दुकानदाराला विचारून हातमोजा बाहेर उभ्या गाडीपाशी घेऊन या. तर्जनी लिव्हरवर, बाकीची बोटं ग्रिपवर, आणि क्लच ओढून बघा. मग मूठ आवळून उघडा. तळहातावर कापडाची चुणी जमत असेल तर ठेवून द्या, कारण त्याच चुणीखाली फोड येतो. काउंटरवर रुपयाचं नाणं टाका आणि हातमोज्यासकट उचलून बघा. उचलता आलं तर क्लच कुठे पकडायला लागतो ते त्या बोटाला कळेल. बोटाच्या टोकाला रिकामी जागा राहू नये, कारण ते लोंबतं टोकच लिव्हरखाली सापडतं. अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यातली शिवणही आतून चाचपून बघा. उभ्याने चालवताना हँडलचा सगळा दाब तिथे येतो. मापासाठी अंगठा सोडून तळहाताचा घेर मोजायचा: 20 सेंटिमीटरच्या आसपास असेल तर 8 नंबर, 23 असेल तर 9. दोन मापांच्या मधे असाल तर लहान घ्या. ताणून सैल होतातच.

आता स्वस्ताचं. खास ट्रायलचे हातमोजे परदेशातून मागवावे लागतात आणि एका मोसमात झिजतात, त्यामुळे मी त्यांच्या वाटेला जात नाही. धाटाव, नागोठणे, तळोजा इथल्या कारखान्यांमुळे आपल्या जिल्ह्यात एक सोय आपोआप झाली आहे. पेण, रोहा, पनवेलच्या हार्डवेअरच्या दुकानांत कामगारांसाठीचे, विणलेल्या नायलॉनवर नायट्राइलचा लेप दिलेले हातमोजे शंभर रुपयांच्या आगेमागे मिळतात. पातळ, अंगासरशी बसणारे, मागून हवा जाणारे. त्यांच्यावर हातोडीच्या चिन्हाखाली ईएन 388 असा छाप आणि चार आकडे असतात. पहिला आकडा घासलं गेल्यावर टिकण्याचा. तो 4 असेल तर सगळ्यात वरचा, 3 ही चालेल. दिसायला तसेच पण रबराचा खडबडीत लेप असलेलेही शेजारीच टांगलेले असतात. ओल्यात त्यांची पकड सुरेख, पण पेट्रोल-ऑइल लागलं की नैसर्गिक रबर फुगतं आणि सुटायला लागतं. नायट्राइलला पेट्रोल-ऑइलने तसं काही होत नाही, म्हणून विचारून तेच घ्या. पांढऱ्या सुतावर प्लास्टिकचे ठिपके असलेले घेऊ नका, ते ग्रिपवर गोल फिरतात.

सात-आठशे रुपये खर्चायची तयारी असेल तर डोंगरात सायकल चालवणाऱ्यांचे पूर्ण बोटांचे हातमोजे घ्या. तळहाताला कृत्रिम चामड्याचा एकच थर, गादी नाही, मनगटाला छोटी पट्टी. ट्रायलच्या हातमोज्यांच्या सगळ्यात जवळ जाणारे हेच. जेलची उशी असलेले मात्र नकोत. क्रिकेटचे आतले इनर ग्लोव्हज थंडीच्या सकाळी बरे वाटतात, पण सूत घाम पितं, ओलं सूत सरकतं, आणि घामाने मऊ झालेल्या कातडीवर घर्षण झालं की सालटं निघायला वेळ लागत नाही. बकरीच्या पातळ कातड्याचे हातमोजे मला मनापासून आवडतात. पण आपल्याकडे पावसाळ्यात त्यांना हिरवी बुरशी धरते आणि खाऱ्या घामाने वाळून ते पापडासारखे कडक होतात. जपणारा माणूस असेल त्यानेच घ्यावेत. रेक्झिनसारखा लेप दिलेले चामड्याच्या नावाने विकले जातात, ते दमट हवेत पडून पडूनच सोलपटतात.

वापरून झाल्यावर हातमोजे डिकीत कोंबू नका. गोड्या पाण्यात, थोड्या साध्या साबणाने धुवा, न पिळता सावलीत टांगा. मनगटाच्या चिकटपट्टीत बसलेली वाळू जुन्या टूथब्रशने काढा, नाहीतर पट्टी ऐन वेळी उघडते. खाऱ्या हवेत क्लचची केबलही जड होत जाते. तिला तेल सोडलं की बोटावरचा ताण निम्म्याने कमी झाल्यासारखा वाटतो. जमलं तर क्लच लिव्हरचा क्लॅम्प ढिला करून तो हँडलच्या मध्याकडे थोडा सरकवा, म्हणजे तर्जनी लिव्हरच्या टोकाकडे येते आणि कमी जोर लागतो. फक्त हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून लिव्हर टाकीला लागत नाही ना, ते बघून घ्या.

यानंतरची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची आहे. हे शंभर रुपयांचे हातमोजे ओढ्याच्या पात्रापुरते. सराव संपला की पिशवीत, आणि घरी जाताना हातात जाड, रस्त्याचे. त्यांच्यावर ईएन 13594 हा मोटरसायकलसाठीच्या हातमोज्यांचा छाप असायला हवा. त्यात मनगटाची पट्टी बांधल्यावर हातमोजा ओढूनही निघून येऊ नये याचीही चाचणी असते. कामगारांच्या हातमोज्यांकडून ती अपेक्षाच नसते. आमच्यातला एक चौलचा पोरगा दमून, पातळ हातमोज्यांतच घरी निघाला. काशीदला रस्ता किनाऱ्याला लागून जातो, पर्यटकांच्या गाड्यांबरोबर डांबरावर वाळू येते. वळणावर पुढचं चाक त्या वाळूवरून सुटलं. वेग चाळीस-पन्नासचा असेल. त्याने पडताना हात पुढे टाकला, कुणीही टाकतो. नायट्राइलचा लेप फाटून विणलेलं कापड तळहातात रुतलं होतं, ते चिमट्याने एकेक धागा करून काढावं लागलं.

तळहाताची जखम तीन आठवड्यांत भरली, मनगटाने मात्र पुढे त्रास दिला. सूज फारशी नव्हती, पहिल्या एक्स-रेत काही दिसलं नाही आणि मुरगळलं असेल असं सगळ्यांनी धरलं. पसरलेल्या हातावर पडलं की अंगठ्याच्या मुळाशी मनगटातलं एक छोटं हाड, स्कॅफॉइड, मोडू शकतं. त्याची बारीक चीर सुरुवातीला एक्स-रेत अनेकदा दिसत नाही, आणि त्याला रक्तपुरवठा कमी असल्याने दुर्लक्ष झालं तर ते जुळतही नाही. अंगठा ताणून वर उचलला की त्याच्या मुळाशी मनगटावर जो खळगा दिसतो, तो दाबल्यावर दुखत असेल तर पहिला एक्स-रे चांगला आला तरी हात आधारात ठेवा आणि दहा ते चौदा दिवसांनी अस्थिरोगतज्ज्ञांकडे पुन्हा तपासून घ्या. चौलच्या पोराचं दुसऱ्या वेळी निदान झालं, प्लास्टर बसलं आणि हाड जुळलं.

सरावाला निघताना अंगठी घरी काढून ठेवा. प्रथमोपचाराच्या पिशवीत बोथट टोकाची मजबूत कात्री असू द्या. मनगट दुखावलं असेल तर हातमोजा ओढून काढायचा नाही. मनगटाच्या बाजूने, हाताच्या पाठीवरून सरळ कापत बोटांपर्यंत जायचं.