दशांशावर थांबू नकोस

चि. भाचीस,

वक्रांवर काढलेल्या आलेखांचा विषय तू संशोधनासाठी घेतलास, याचा मनापासून आनंद झाला. एक गोष्ट मात्र आग्रहाने सांगतो. आकृतीवरून समीकरण काढताना दशांशातल्या उत्तरावर समाधान मानू नकोस. सहगुणक नेमकी कोणती बैजिक संख्या आहे ते कळेपर्यंत काम अपुरंच समज. बेल्यी यांनी १९७९ मध्ये सिद्ध केलं, की ज्या वक्राचं समीकरण बैजिक सहगुणकांनी मांडता येतं, नेमक्या त्याच वक्रावरून गोलावर असं फलन नेता येतं जे फार तर तीन बिंदूंवर शाखित होतं. त्यांतल्या दोन बिंदूंना जोडणारा रेषाखंड मागे वक्रावर ओढला, की आलेख मिळतो. उलट, पृष्ठाचे चकतीसारखे तुकडे पाडणारा कुठलाही जोडलेला आलेख काढ, त्याने वक्र आणि फलन दोन्ही ठरतात. ग्रोथेंडिक यांनी १९८४ च्या आपल्या संशोधनाच्या आराखड्यात या गोष्टीबद्दलचं आश्चर्य मोकळेपणाने लिहिलं आहे, आणि ते आश्चर्य रास्त आहे.

सपाट वृक्षांसाठी हे फलन म्हणजे साधी बहुपदी. सात कडांचे दोन वृक्ष घे. दोन्हींत मधल्या शिरोबिंदूतून तीन फांद्या फुटतात: एकात ३, ३, १ लांबीच्या, दुसऱ्यात ५, १, १. मधला शिरोबिंदू काळा धरून आळीपाळीने काळा-पांढरा रंग दे. दोन्हींत काळ्यांच्या कोटी (म्हणजे जोडलेल्या कडांची संख्या) ३, २, २ आणि पांढऱ्यांच्या २, २, १, १, १ येतात. म्हणून दोघांची बहुपदीही एकाच साच्याची: क्ष³(क्ष² − २क्ष + अ)². अवकलन केल्यावर ७क्ष² − १०क्ष + ३अ हा अवयव उरतो, आणि त्याच्या दोन्ही मुळांशी बहुपदीचं मूल्य सारखं यायला हवं. या अटीतून अ चं त्रिघाती समीकरण मिळतं. त्याचं एक मूळ २५/२१. तिथे ती दोन मुळं एक होतात, म्हणून ते सोडायचं. उरतं ४९अ² − ४७६अ + ४०० = ०, म्हणजे अ = (३४ ± ६√२१)/७. दशांशात ही मूल्यं सुमारे ०.९३ आणि ८.७९. त्यांत एकमेकांची काही खूण दिसते का? √२१ चं चिन्ह बदललं की मात्र एक वृक्ष दुसऱ्यात जातो. गालवा गटाची क्रिया ती हीच, आणि ती पाहण्यासाठीच तर हा सारा खटाटोप.

तू म्हणशील, कोटी जुळल्या तेव्हाच नातं कळलं, समीकरण कशाला? लैला श्नेप्स यांच्या नावाने ओळखलं जाणारं ‘लैलाचं फूल’ बघ. मधल्या शिरोबिंदूला पाच शेजारी, त्यांच्या कोटी २, ३, ४, ५, ६, बाकी टोकं. एकूण २० कडा. शेजाऱ्यांचा चक्रीय क्रम बदलून २४ वृक्ष होतात. सगळ्यांच्या कोटी त्याच, तरी गालवा गट त्यांची बारा-बारांची दोन कुळं करतो. कारण २·३·४·५·६·२० = १४४००, म्हणजे १२० चा पूर्ण वर्ग; दोन कुळांना सांधू शकलं असतं ते वर्गमूळ परिमेयच निघतं. नुसत्या कोटी जुळल्या म्हणून नातं ठरत नाही.

दुसरा आक्षेप वजनदार आहे: घात वाढला की बीजगणित आवाक्याबाहेर जातं. ते खरं आहे, आणि संगणक टाकून दे असं मी म्हणत नाही. न्यूटनच्या रीतीने शेकडो अंक मिळव, लेन्स्ट्रा, लेन्स्ट्रा आणि लोवास यांच्या १९८२ च्या रीतीने त्या अंकांमागचं पूर्णांकी समीकरण शोध. पण तो अंदाज आहे. कितीही अंक जुळले तरी सिद्धता होत नाही. ती संख्या मूळ अटींत नेमकेपणाने घालून ताळा पाहिल्यावरच होते.

पुढचा मसुदा पाठवशील तेव्हा प्रत्येक सहगुणकाशेजारी त्याचं बैजिक समीकरण आणि केलेला ताळा लिहून पाठव.

तुझा मामा