संगणकाचा गाभा : कर्नल

विद्यार्थी मित्रांनो, प्रयोगशाळेतील संगणकात नवा प्रोग्राम टाकण्याचा पासवर्ड आम्ही तुम्हाला देत नाही, ही तुमची नेहमीची तक्रार आहे. काही पालकांनीही याचे कारण विचारले. ते समजण्यासाठी ऑपरेटिंग सिस्टीमची रचना पाहू.

ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याला कर्नल म्हणतात. फौजेतला कर्नल वेगळा. हा शब्द बदामाच्या कवचातील गराचा आहे. आपले हबीबगंज स्थानक (नोव्हेंबर २०२१ पासून राणी कमलापती) डोळ्यांसमोर आणा. प्रवासी, हमाल, चहावाले आपापल्या कामात असतात. पण रूळ बदलण्याचा व सिग्नल देण्याचा अधिकार त्यांच्यापैकी कोणालाही नसतो. संगणकातही चित्रे काढण्याचा किंवा पत्र लिहिण्याचा प्रोग्राम डिस्कला थेट हात लावू शकत नाही. तो कर्नलकडे मागणी करतो. प्रत्येकाला मेमरीत वेगळी जागा देणे आणि प्रोसेसरचा वेळ अगदी लहान तुकड्यांत वाटणे, हे कर्नलचे काम. म्हणूनच गाणे वाजत असताना टायपिंगही होते. एखादा प्रोग्राम बिघडला तर कर्नल तेवढाच बंद करतो; बाकीचे चालू राहतात.

मग या गाभ्यात काय ठेवायचे आणि बाहेर काय? रचनेचा मुख्य प्रश्न हाच. हेलसिंकीचा २१ वर्षांचा विद्यार्थी लिनस टॉरवाल्ड्स याने १९९१ मध्ये लिनक्स तयार केले. त्यात मेमरी, फाइली, उपकरणे चालवणारे ड्रायव्हर असे सगळे एकाच गाभ्यात आहे. याने काम वेगात होते, पण एका ड्रायव्हरच्या चुकीने सारा संगणक अडू शकतो. ॲमस्टरडॅमचे प्राध्यापक अँड्र्यू टॅननबाउम यांचे मत उलट होते : गाभा लहान असावा आणि बाकी सर्व बाहेर. बाहेरचा भाग बिघडला तरी गाभा शाबूत राहतो. मात्र निरोपांची ने-आण वाढून वेळ खर्च होतो. १९९२ मध्ये दोघांचा यावर जाहीर वाद झाला. दोन्ही बाजूंत तथ्य आहे.

भाषेची सोय मात्र गाभ्याबाहेर असते. म्हणूनच सी-डॅकने २००७ मध्ये आणलेल्या 'बॉस' या प्रणालीत गाभा लिनक्सचाच राहिला आणि पडद्यावर मराठी व हिंदीही आली.

आता धोक्याविषयी. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटमुळे जगभरातील विंडोजचे सुमारे ८५ लाख संगणक बंद पडले. भारतातही काही विमानतळांवर बोर्डिंग पास हाताने लिहावे लागले. त्या कंपनीचा ड्रायव्हर कर्नलच्या आत चालत होता, म्हणून एक चूक संपूर्ण संगणकाला भोवली. नामांकित कंपनीकडून असे घडते, तर अनोळखी सीडी किंवा पेन ड्राइव्हमधून आलेल्या प्रोग्रामचे काय सांगावे?

प्रयोगशाळेचा पासवर्ड म्हणजे त्या गाभ्यात शिरण्याची परवानगी. अविश्वासापोटी आम्ही तो रोखत नाही. एका संगणकावर अनेक मुले शिकतात, आणि गाभा बिघडला तर सर्वांचाच तास बुडतो. हवा असलेला प्रोग्राम शिक्षकांना सांगा. तपासून तो नक्की टाकू. पालकांनीही घरच्या संगणकावर मुलांसाठी वेगळे, मर्यादित खाते उघडावे.

स्वाध्याय : १. कीबोर्डचा ड्रायव्हर गाभ्यात असावा की बाहेर? दोन्ही बाजूंनी दोन-दोन कारणे लिहा. २. एक प्रोग्राम अडकला तरी दुसरे का चालतात, ते स्वतःच्या शब्दांत सांगा.