गांजेकसाची साक्ष

तहसील कचेरीच्या अभिलेखकक्षात पस्तीस वर्षे कारकुनी करताना एक तत्त्व माझ्या मनावर पक्के ठसले होते: वादात ज्याचा हितसंबंध गुंतलेला आहे त्याचा जबाब अवश्य नोंदवून घ्यावा, परंतु स्वतंत्र पुराव्यावाचून त्यावर निवाडा देऊ नये. हे तारतम्य मी लोकांच्या जमिनींच्या बाबतीत कसोशीने पाळले; स्वतःच्या देहाच्या बाबतीत मात्र पंचवीस वर्षे एकाच साक्षीदाराच्या शब्दावर विसंबून राहिलो, आणि तो साक्षीदार मीच होतो.

१९८४ साली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, गावाबाहेरच्या मठात भजनानंतर फिरणारी चिलीम माझ्या हाती आली. चिलमीला गुंडाळलेल्या ओल्या फडक्यातून, म्हणजे छापीतून, ओढलेला पहिला झुरका ठसक्यातच गेला. पुढे तंबाखूबरोबर चोळलेला गांजा रोजचाच झाला. दुसऱ्याच वर्षी अमली पदार्थांचा कायदा होऊन गांजा बाळगणे व ओढणे हा गुन्हा ठरला; परंतु मठातल्या मंडळींना कायद्यापेक्षा शंकराचे नाव अधिक जवळचे होते, आणि मलाही तीच सबब सोयीची वाटली. दारुडा गावभर आपली दवंडी पिटतो आणि गांजेकस कोपऱ्यात स्वस्थ बसून राहतो, एवढ्या एका भेदावरून गांजा निरुपद्रवी ठरवण्याची जी चूक पुष्कळ लोक करतात, तीच मीही केली.

पहिली तक्रार छातीने केली. पहाटेचा खोकला आणि घट्ट कफ यांचे खापर मी कचेरीतल्या धुळीवर फोडले. गांजाच्या धुरातही तंबाखूप्रमाणे डांबर असते, आणि तो धूर खोल ओढून रोखून धरण्याची आमची रीत असल्यामुळे श्वासनलिकांचा दाह वर्षानुवर्षे चालूच राहतो.

दुसरी तक्रार स्मृतीची होती. वारसनोंदीचा एक अर्ज मी स्वतः आवक नोंदवहीत चढवला आणि पुढच्या आठवड्यात अर्जदार समोर उभा राहिला, तेव्हा असा अर्ज आलाच नसल्याचे छातीठोकपणे सांगितले; त्या बिचाऱ्याने मुकाट्याने माझ्याच सहीची पोच पुढे ठेवली. यामागचे कारण मला फार उशिरा कळले. मेंदू स्वतःच एक द्रव्य निर्माण करतो. १९९२ साली जेरुसलेम येथील संशोधकांनी ते शोधून काढले आणि आपल्या संस्कृतातला ‘आनंद’ हा शब्द घेऊन त्याचे नाव आनंदामाइड ठेवले. गांजातले मादक द्रव्य याच आनंदामाइडच्या जागा बळकावते, आणि नव्या आठवणी जेथे घडतात त्या भागात अशा जागा विपुल असतात. घडण पुरी न झालेल्या कोवळ्या मेंदूवर हा आघात अधिक होतो.

तिसरी तक्रार पोटाची होती, आणि तीच अखेर निर्णायक ठरली. महिन्या-दोन महिन्यांनी तीन-तीन दिवस अनावर उलट्या होत. पित्त म्हणून औषधे झाली, दुर्बिणीने तपासणी झाली. निष्पन्न काही झाले नाही. आराम पडे तो केवळ कढत पाण्याच्या स्नानाने, म्हणून दिवसातून पाच-सहा वेळा बंब पेटे. गांजाने मळमळ शमते असे ऐकून होतो, तेव्हा मी आणखीच ओढी. २००९ साली एका तरुण डॉक्टरांनी सहज विचारले, “काका, उलटी थांबावी म्हणून घरी काय करता?” मी उत्तर देण्यापूर्वीच पत्नी म्हणाली, “अहो, बंबाची लाकडं पुरत नाहीत यांना!” त्यावर त्यांचा पुढचा प्रश्न आला, “गांजा किती वर्षं ओढता?” दीर्घकाळ गांजा ओढणाऱ्यांना जडणाऱ्या या व्याधीचे आणि तिच्यातील ऊन स्नानाच्या ओढीचे वर्णन ऑस्ट्रेलियातील डॉक्टरांनी २००४ साली केले होते. शरीरातले पाणी आटून मूत्रपिंडे निकामी होण्याचा धोका तीत असतो, आणि गांजा पूर्ण सोडणे हाच तिच्यावरचा खरा उपाय आहे.

चौथ्या गोष्टीविषयी लिहिताना हात अडखळतो. माझ्या डब्यातला गांजा थोरल्या बंधूंचा मुलगा सतराव्या वर्षापासून चोरून नेत असे. वर्षभरात त्याला शेजारी आपल्याविरुद्ध कट करीत आहेत असे आवाज ऐकू येऊ लागले. माझे एक मामाही असेच भ्रमिष्ट झाले होते. स्वीडनमध्ये लष्करभरतीच्या सुमारे ४५ हजार तरुणांवर पंधरा वर्षे लक्ष ठेवून १९८७ साली जे अनुमान प्रसिद्ध झाले, त्यानुसार पन्नासाहून अधिक वेळा गांजा ओढलेल्यांत छिन्नमनस्कतेचे प्रमाण न ओढणाऱ्यांच्या सहापट होते. ओढणारा प्रत्येक जण वेडा होतो असा याचा अर्थ नव्हे. पण घराण्यात तो दोष असताना डबा उघड्यावर ठेवणारा मी, जबाबदारी नाकारू शकत नाही.

जे सोडू पाहतात त्यांना अनुभवाने इतकेच सांगतो. दुसऱ्या दिवसापासून चिडचिड, निद्रानाश, अन्नावरची वासना उडणे आणि चमत्कारिक स्वप्ने यांना तोंड द्यावे लागेल. पहिला आठवडा सर्वांत कठीण, दोन-तीन आठवड्यांत जोर ओसरतो. गांजाचे द्रव्य चरबीत साठून हळूहळू बाहेर पडते, म्हणून चार दिवसांत हाय खाऊ नये. मठाची वाट बदलावी, चिलीम घरात ठेवू नये, आणि डॉक्टरांपासून काही लपवू नये. माझी कित्येक वर्षे त्या लपवण्यातच वाया गेली. पुण्यात १९८६ पासून ‘मुक्तांगण’ हे केंद्र व्यसनमुक्तीचे काम करीत आहे. १४४४६ या शासकीय क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो.

गांजा सुटल्यावर माझा खोकला काही महिन्यांत गेला, उलट्या पुन्हा झाल्या नाहीत, स्मृती बरीचशी परतली. पुतण्या मात्र आजही औषधावर आहे. म्हणून ज्याला आपले काही बिघडलेले नाही असे वाटते, त्या गांजेकसाला माझी विनंती एवढीच की, हा जबाब त्याने स्वतः देऊ नये. तो घरच्या माणसांकडून घ्यावा, आणि त्या जबाबाखाली मुकाट्याने सही करावी.