गायझर व किवी : न्यूझीलंडमधील एका रस्त्याचा पाठ
(इयत्ता सहावी व सातवी. विषय : भूगोल व सामान्य विज्ञान)

हेतू. दूरदेशाची माहिती देताना स्थळांची नावे व आकडे पाठ करून घेण्याकडे सहज कल होतो. प्रस्तुत पाठाचा हेतू निराळा आहे. निसर्गातील एखादी गोष्ट का बिघडली याचे कारण नीट उमगले, तर ती सावरण्याचा मार्गही सापडू शकतो, हा विचार विद्यार्थ्यांच्या मनात रुजावा, यासाठी न्यूझीलंडच्या उत्तर बेटावरील ऑकलंड ते टाउपो हा मोटारीचा प्रवास येथे घेतला आहे.

पूर्वज्ञान. वज्रेश्वरी, उन्हवरे, राजापूर येथील उन्हाळी विद्यार्थ्यांनी पाहिली किंवा ऐकली असतील. हे पाणी कोणी तापविले, असा प्रश्न करावा. कोकणात जागृत ज्वालामुखी नाही. जमिनीतील भेगांवाटे पावसाचे पाणी फार खोल जाते, तेथील उष्णतेने तापते आणि पुन्हा वर येते. न्यूझीलंडच्या उत्तर बेटाखाली मात्र पॅसिफिक महासागराचा तळ सरकत जात असल्याने तेथे ज्वालामुखी निर्माण झाले आहेत व तप्त शिलारस पुष्कळच वर आलेला आहे.

विवेचन. नकाशावर ऑकलंडहून दक्षिणेकडे हॅमिल्टनपर्यंत रेघ ओढावी. येथील वाहने आपल्याप्रमाणेच रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात. हॅमिल्टनच्या दक्षिणेस ओटोरोहंगा हे लहान गाव लागते. १९७१ सालापासून तेथे प्रवाशांना किवी पक्षी दाखविण्याची सोय आहे. किवी हा निशाचर आहे. म्हणून पक्षिगृहात दिवसा अंधार व रात्री उजेड ठेवतात.

किवीला उडता येत नाही. त्याच्या नाकपुड्या चोचीच्या टोकाशी असून वासावरून तो मातीतील किडे शोधतो. मादीच्या वजनाच्या मानाने तिचे अंडे सुमारे पाचव्या-सहाव्या हिश्श्याइतके असते. कोंबडी व तिचे अंडे यांचे वजन करवून विद्यार्थ्यांना ही तुलना करावयास लावावी. वटवाघळे सोडली, तर या देशात मूळचे भूचर सस्तन प्राणी नव्हते. जमिनीवर शत्रू नसल्याने पक्ष्याला उडण्याची गरज उरली नाही.

पुढे माणसाने बाहेरून प्राणी आणले. सशांचा उपद्रव वाढला म्हणून १८८० नंतरच्या दशकात स्टोट नावाचा, दिसण्यात मुंगसासारखा, लहान मांसभक्षक प्राणी सोडण्यात आला. त्याने सशांबरोबर पक्ष्यांचीही शिकार आरंभिली. ज्या रानात बंदोबस्त नाही, तेथे किवीची बहुतेक पिले वयात येण्यापूर्वीच मारली जातात. मात्र वजन सुमारे एक किलोग्रॅम झाले की पिलू स्टोटला सहसा दाद देत नाही. हे लक्षात आल्यावर १९९४ सालापासून रानातील अंडी आणून उबविणे, पिले त्या वजनापर्यंत वाढविणे व नंतर रानात सोडणे, असा क्रम सुरू झाला. याच वाटेवरील माउंगातौतारी डोंगराभोवती सुमारे ४७ किलोमीटर लांबीचे कुंपण २००६ साली पुरे झाले आणि आतील रानात किवी पुन्हा वावरू लागले.

तेथून पूर्वेस रोटोरुआ शहर आहे. शहरात शिरताच कुजक्या अंड्यासारखा वास येतो. तो जमिनीतून निघणाऱ्या हायड्रोजन सल्फाइड वायूचा होय. जवळच फाकारेवारेवा येथे माओरी लोकांची वस्ती असून तेथे उष्ण झऱ्यांवर अन्न शिजविण्याची परंपरा आहे. येथील पोहुटू नावाचा गायझर, म्हणजे मधून मधून उसळणारा उकळत्या पाण्याचा फवारा, ३० मीटरपर्यंत उंच जातो. प्रेशर कुकरचे उदाहरण येथे उपयोगी पडेल. खोल नळीतील पाण्यावर वरच्या पाण्याचा दाब असतो, म्हणून ते १०० अंशांच्या वर तापूनही उकळत नाही. वरचे थोडे पाणी सांडले की दाब उतरतो, खालच्या पाण्याची एकदम वाफ होते आणि ती सारे पाणी वर फेकते.

रोटोरुआतील घरे व उपाहारगृहे यांनी कूपनलिका खणून हे ऊन पाणी उपसले. जमिनीखालचा दाब घटला व गायझर मंदावले. पापाकुरा नावाचा गायझर १९७९ साली थांबला. तेव्हा १९८६ साली सरकारने पोहुटूपासून दीड किलोमीटरच्या आतील कूपनलिका बंद करण्याचे ठरविले. स्वस्त उष्णता जाणार म्हणून लोकांचा विरोध झाला, तरी निर्णय अमलात आला. झरे हळूहळू सावरले आणि २०१५ साली पापाकुरा पुन्हा उसळला.

याच रस्त्याने टाउपोकडे जाताना वायराकेई लागते. तेथे १९५८ साली भूगर्भातील वाफेवर वीज निर्माण होऊ लागली. देशाला वीज मिळाली, पण शेजारच्या खोऱ्यातील गायझर बंद पडले. दोन्ही बाजू विद्यार्थ्यांपुढे ठेवाव्यात. शिक्षकांनी स्वतःचा निर्णय आधी सांगू नये.

संकलन. फळ्यावर तीन रकाने आखावेत : काय बिघडले, कशामुळे, काय केले. किवी, पोहुटू व वायराकेई यांची माहिती विद्यार्थ्यांकडूनच भरून घ्यावी. वायराकेईचा तिसरा रकाना रिकामा राहील. तो तसाच राहू द्यावा व त्यावर चर्चा व्हावी.

उपयोजन. गावातील एक विहीर, झरा अथवा पूर्वी दिसणारा व आता न दिसणारा एक पक्षी निवडावा. वडीलधाऱ्यांना विचारून बदल केव्हापासून झाला हे विद्यार्थ्यांनी वहीत नोंदवावे व त्याच तीन रकान्यांत मांडावे. जेथे कारण निश्चित कळले नसेल, तेथे ‘कारण अद्याप कळले नाही’ असेच लिहू द्यावे. शोधाची सुरुवात अशा प्रामाणिक नोंदीपासूनच होते.