विळ्याच्या आकाराची रक्तपेशी

आपल्या रक्ताचा एक लहानसा थेंब कांचेच्या पट्टीवर पसरून सूक्ष्मदर्शक यंत्राखालीं ठेविला असतां त्यांत असंख्य तांबड्या पेशी दिसूं लागतात. प्रत्येक पेशी वाटोळी, चपटी आणि मध्यें किंचित् खोलगट असते; कणकेची लहान गोळी बोटानें मधोमध दाबावी तशी. हा आकार निरर्थक नाहीं. शरीरांतील केशवाहिन्या इतक्या अरुंद असतात कीं, त्यांतून जातांना या पेशीला अंग चोरून, प्रसंगीं दुमडून जावें लागतें. आणि तिचें अंग लवचीक असल्यामुळेंच तिला तें साधतें. अशी एक पेशी सुमारें १२० दिवस जगते व तेवढ्या अवधींत फुप्फुसांतील प्राणवायु सर्व अवयवांना पोंचविण्याचें काम अखंड करीत असते.

परंतु कांहीं माणसांच्या रक्तांत या वाटोळ्या पेशींबरोबर लांबट, टोंकदार, विळ्यासारख्या वांकड्या पेशी आढळतात. विळ्यास इंग्रजींत सिकल म्हणतात. त्यावरून या रोगास सिकलसेल हें नांव पडलें, आणि विदर्भांत तर हा शब्द आतां खेड्यापाड्यांतहि रूढ झाला आहे. गेल्या कांहीं वर्षांत वैद्यक व जीवशास्त्र या दोन शास्त्रांनीं हातांत हात घालून जें संशोधन केलें, त्याचें स्वरूप विद्यार्थ्यांस समजावून देण्यास या रोगाच्या हकीकतीसारखें दुसरें उदाहरण मला माहीत नाहीं. शिवाय तो आपल्या प्रांतांतल्या घराघरांचा प्रश्न आहे.

वेस्ट इंडीजमधील ग्रेनाडा बेटांतून एक तरुण दंतवैद्यक शिकण्यासाठीं शिकागो शहरीं आला होता. त्यास वारंवार ताप, खोकला व अशक्तपणा येई. १९०४ सालीं त्याचें रक्त तपासतांना डॉ. अर्नेस्ट आयर्न्स या तरुण वैद्यास त्यांत विचित्र आकाराच्या पेशी दिसल्या. त्यांचे वरिष्ठ डॉ. जेम्स हेरिक यांनीं १९१० सालीं ही हकीकत प्रसिद्ध केली. पेशी विळ्यासारख्या कां होतात, हें मात्र त्यांस सांगतां येण्यासारखें नव्हतें.

तें कळण्यास पुढें चाळीस वर्षें लागलीं. तांबड्या पेशींत हिमोग्लोबिन नांवाचा पदार्थ भरलेला असतो आणि प्राणवायु वाहून नेणारा तोच. १९४९ सालीं लायनस पॉलिंग व त्यांचे सहकारी यांनीं निरोगी माणसाचें व रोग्याचें हिमोग्लोबिन विद्युत्क्षेत्रांत ठेवून पाहिलें, तेव्हां दोन्ही निरनिराळ्या गतीनें सरकतात असें आढळलें. म्हणजे दोष पेशीच्या आकारांत नसून तिच्यांतील रेणूंत होता. पुढें केंब्रिज येथें व्हर्नन इंग्रॅम यांनीं १९५६ च्या सुमारास त्या रेणूचे तुकडे करून नेमकी जागा हुडकून काढली. हिमोग्लोबिन चार साखळ्यांचें बनलेलें असतें. त्यांतल्या बीटा जातीच्या साखळींत १४६ दुवे असतात. या १४६ पैकीं सहाव्या जागीं ग्लुटामिक आम्ल असावयाचें, तेथें रोग्याच्या रक्तांत व्हॅलीन हें दुसरें अमिनो आम्ल असतें. बाकी सर्व दुवे जसेच्या तसे!

ही साखळी कशी गुंफावी याचा मजकूर आपल्या अकराव्या गुणसूत्रावरील एका जनुकांत चार अक्षरांच्या लिपींत लिहिलेला असतो. त्या मजकुरांत जी-ए-जी असा शब्द हवा तेथें जी-टी-जी असा झाला आहे. एका अक्षराचा काय तो फरक. शुद्धलेखनांत ऱ्हस्वदीर्घासाठीं गुण कापणाऱ्या शिक्षकांवर विद्यार्थी रुष्ट असतात. पण 'दिन' आणि 'दीन' यांत केवळ एका वेलांटीचें अंतर आहे, हें त्यांनीं ध्यानांत घ्यावें.

या एका अक्षरानें होतें काय? ग्लुटामिक आम्लास पाण्याची ओढ असते, व्हॅलीनला ती नसते. हिमोग्लोबिननें आपला प्राणवायु देऊन टाकला कीं, व्हॅलीनचा तो उंचवटा शेजारच्या रेणूच्या खांचेंत जाऊन बसतो. त्या रेणूचा त्यापुढील रेणूंत. आणि पाहतां पाहतां पेशीच्या आंत ताठर दोऱ्या वळल्या जातात. पेशी ताणली जाऊन विळ्यासारखी होते व तिची लवचीकता जाते. अशा पेशी अरुंद वाहिन्यांत अडकून रक्ताचा मार्ग रोखतात, आणि ज्या भागास रक्त मिळत नाहीं तेथें असह्य वेदना उठतात. हाडें, सांधे, छाती, पोट, कोठेंहि हें घडतें. प्लीहा निकामी होते व त्यामुळें लहान मुलांस रोगजंतूंची बाधा चटकन होते. मेंदूच्या वाहिनींत अडथळा आल्यास लहानपणींच अर्धांगवायूचा झटका येऊं शकतो. शिवाय विळ्याच्या आकाराची पेशी १२० दिवसांऐवजीं दहावीस दिवसच टिकते. मग रक्त कमी पडणार नाहीं तर काय?

प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती आपणांपाशीं असतात, एक आईकडून आलेली व दुसरी बापाकडून. दोन्ही सदोष असतील तर रोग होतो. एकच सदोष असेल तर मनुष्य वाहक होतो. तो सामान्यतः निरोगी असतो व बहुधा त्यास आपण वाहक आहों याची वार्ताहि नसते. येथें एक गोष्ट स्पष्ट लिहितों, कारण तिच्या अज्ञानानें पुष्कळ घरांत दुःख झालेलें आहे. मूल आजारी निघालें कीं 'हें तिच्या माहेरचें' असें म्हणून सुनेस बोल लावतात. हें शास्त्रास धरून नाहीं. मुलास हा रोग होण्यास आईइतकाच बापाचाहि वांटा असावा लागतो; एकट्या आईकडून तो येऊंच शकत नाहीं.

इतका घातक दोष पिढ्यान् पिढ्या टिकला कसा? याचें उत्तर १९५४ सालीं अँटनी ॲलिसन यांनीं पूर्व आफ्रिकेंतील पाहणीवरून दिलें. वाहकांस हिंवतापाच्या घातक प्रकारापासून बरेंच संरक्षण मिळतें. जेथें हिंवतापानें मुलें पटापट दगावत, तेथें वाहक मुलें वांचलीं, वाढलीं व तें जनुक पुढें देत राहिलीं. म्हणूनच आफ्रिका, अरबस्थान आणि भारत यांतील हिंवतापाच्या प्रदेशांत हा दोष विशेष आढळतो. आपल्या देशांत १९५२ सालीं लेहमान व कटबुश यांनीं तो निलगिरीच्या डोंगरांतील जमातींत दाखवून दिला. आणि महाराष्ट्रांत गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर या बाजूस व इकडे नंदुरबारकडे त्याचें प्रमाण मोठें आहे. ज्यास लोक घराण्याचा कलंक समजतात ती त्यांच्या पूर्वजांस मिळालेली ढाल होती, असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं. मात्र दोन ढाली एकाच मुलाच्या वांट्यास आल्या कीं त्या भार होतात.

आतां नव्या संशोधनाकडे वळूं. त्याचें बीज एका जुन्या व साध्या निरीक्षणांत आहे. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागांत डॉ. जॅनेट वॉटसन या बालरोगतज्ज्ञ काम करीत असत. १९४८ सालीं त्यांनीं असें नमूद केलें कीं, ज्यांस पुढें हा रोग होतो त्यांच्याहि रक्तांत जन्मतः विळ्यासारख्या पेशी फारच थोड्या होतात. कां? तर गर्भाचें हिमोग्लोबिन वेगळें असतें. आईच्या रक्तांतील प्राणवायु वारेमधून ओढून घेतां यावा म्हणून निसर्गानें गर्भास प्राणवायु अधिक घट्ट धरणारें हिमोग्लोबिन दिलें आहे. त्यांत बीटा साखळी नसून गॅमा साखळी असते, आणि म्हणून ती चूकहि नसते. जन्मानंतर कांहीं महिन्यांत गॅमाचें जनुक बंद पडतें व बीटाचें सुरू होतें. रोगाची लक्षणें सहा महिन्यांच्या सुमारास डोकें वर काढतात तीं यामुळेंच. पुढें असेहि कांहीं लोक आढळले कीं, त्यांचें गर्भावस्थेंतील हिमोग्लोबिन मोठेपणींहि चालूच राहिलें होतें, आणि अशांस सिकलसेलचा दोष असूनहि त्याचा उपद्रव जवळजवळ होत नव्हता.

मग बंद झालेला हा दरवाजा पुनः उघडतां येईल काय? त्यासाठीं तो लावणारी कडी कोणती हें कळलें पाहिजे. २००८ सालीं बॉस्टन येथील विजय शंकरन् व स्टुअर्ट ऑर्किन यांनीं बीसीएल-११ए नांवाचें जनुक ही ती कडी होय असें दाखविलें. पण या जनुकास शरीरांत अन्यत्रहि कामें असल्यामुळें तें सरसकट मोडणें धोक्याचें होतें. २०१३ सालीं ही अडचण दूर झाली: त्या जनुकाला केवळ रक्तपेशी घडवितांना चालना देणारा एक छोटासा भाग सांपडला. तेवढाच तोडला तर रक्तापुरती कडी निघते, आणि बाकीचीं कामें अबाधित राहतात.

तोडण्याचें हत्यार आलें तें अगदीं अनपेक्षित जागेहून. जिवाणूंवर विषाणु हल्ला करतात. वांचलेला जिवाणु त्या विषाणूच्या मजकुराचा तुकडा आपल्या पोटांत जपून ठेवतो व तोच शत्रु पुनः आला कीं ओळखून त्याचे तुकडे करतो. दूध विरजण्याच्या कामीं येणाऱ्या जिवाणूंत २००७ सालीं एका दुग्धव्यवसायाशीं संबंधित कंपनीच्या शास्त्रज्ञांनीं हें प्रयोगानें सिद्ध केलें; विरजण बिघडूं नये एवढीच त्यांची विवंचना होती! या योजनेस क्रिस्पर म्हणतात. १२ सालीं, म्हणजे २०१२ मध्यें, एमॅन्युएल शार्पांतिए व जेनिफर डाउडना या दोन विदुषींनीं तिचें अशा कात्रींत रूपांतर केलें कीं, मजकुराचें हवें तें स्थळ दाखवावें व तेथेंच तिनें कापावें. त्याबद्दल त्यांस २०२० सालचें रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें.

उपचाराची रीत अशी. रोग्याच्या रक्तांतून मूलपेशी वेगळ्या काढावयाच्या. प्रयोगशाळेंत कात्रीनें ती कडी कापावयाची. मग तीव्र औषधानें रोग्याची जुनी अस्थिमज्जा रिकामी करून या सुधारलेल्या पेशी शिरेवाटे परत द्यावयाच्या. त्या मज्जेंत रुजतात आणि गर्भावस्थेंतील हिमोग्लोबिन पुनः तयार होऊं लागतें. जुलै २०१९ मध्यें अमेरिकेंतील व्हिक्टोरिया ग्रे या बाईंवर सिकलसेलसाठीं हा प्रयोग झाला व त्यांच्या वेदना थांबल्या. २०२४ सालीं प्रसिद्ध झालेल्या वृत्तांतांत, ज्यांचा पुरेसा काळ पाठपुरावा झाला अशा ३० रोग्यांपैकीं २९ जणांस सलग निदान १२ महिने वेदनांचा तीव्र झटका आला नाहीं. ब्रिटननें १६ नोव्हेंबर २०२३ रोजीं या उपचारास जगांत प्रथम मान्यता दिली व अमेरिकेनें ८ डिसेंबरला. गंमत ही कीं, सहाव्या दुव्याच्या मूळ चुकीस कोणी हातहि लाविलेला नाहीं. जी-टी-जी जेथल्या तेथें आहे. रोग मात्र हटला.

पण किंमत? अमेरिकेंत या उपचाराची किंमत २२ लक्ष डॉलर ठरविण्यात आली. त्याखेरीज इस्पितळांत दीर्घ मुक्काम, मज्जा रिकामी करणाऱ्या औषधाचा त्रास, आणि त्यानें वंध्यत्व येण्याचा धोका. धडगांवच्या किंवा एटापल्लीच्या मुलास याचा आज काय उपयोग, असें कोणी विचारल्यास त्याचा प्रश्न अस्थानीं म्हणतां येणार नाहीं. कात्री थेट शरीरांत टोंचून देतां यावी यासाठीं खटपट चालू आहे. मे २०२५ मध्यें अमेरिकेंतील एका तान्ह्या मुलाच्या यकृतांतील दुर्मिळ दोष अशा रीतीनें सुधारल्याचें प्रसिद्ध झालें. तथापि यकृतापर्यंत औषध पोंचविणें सोपें. अस्थिमज्जेपर्यंत पोंचविणें फार कठीण.

म्हणून साध्या उपायांस कमी लेखूं नये. लहान मुलांस नियमानें पेनिसिलिन दिल्यास न्युमोनियाच्या जंतूंची घातक बाधा पुष्कळच टळते, हें १९८६ सालीं सिद्ध झालें. हायड्रॉक्सियुरिया हें औषध तर गोळीच्या रूपानें मिळतें. १९९५ सालच्या चांचणींत त्यानें वेदनांचे झटके जवळजवळ निम्म्यानें कमी झाले. आणि हें औषध करतें काय? गर्भावस्थेंतील हिमोग्लोबिन वाढवितें. लाखों डॉलरांची कात्री जो दरवाजा सताड उघडते, तोच ही स्वस्त गोळी थोडासा किलकिला करते. भरपूर पाणी पिणें, थंडीपासून जपणें व ताप येतांच वैद्याकडे जाणें हेंहि त्यांतच आलें.

भारत सरकारनें १ जुलै २०२३ रोजीं मध्य प्रदेशांतील शहडोल येथें या रोगाविरुद्ध राष्ट्रीय मोहीम सुरू केली; चाळीस वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांचें रक्त तपासण्याचा तिचा संकल्प होता. तपासणी सोपी आहे. बोटांतून थेंबभर रक्त घेऊन तें एका द्रावणांत मिसळतात. दोष असल्यास द्रावण गढूळ होतें. मग वाहक कीं रोगी हें ठरविण्यासाठीं पुढील परीक्षा करतात, आणि तींत पॉलिंग यांची ती विद्युत्क्षेत्राची युक्ति अजूनहि वापरतात.

आपण वाहक आहों असें कळल्यास भिण्याचें कारण नाहीं व लपविण्याचेंहि नाहीं. मात्र विवाहापूर्वीं दुसऱ्या पक्षाचीहि तपासणी व्हावी. एकच पक्ष वाहक असेल तर मुलांस हा रोग होत नाहीं. फार तर मूल वाहक होईल. दोघेहि वाहक असतील तर प्रत्येक मुलास रोग होण्याचा संभव चारांत एक, वाहक होण्याचा चारांत दोन, व पूर्ण मुक्त असण्याचा चारांत एक. पुष्कळ लोक याचा अर्थ असा करतात कीं, पहिलें मूल रोगी निघालें तर पुढचीं तीन सुखरूप. तसें नाहीं. नाणें उडवितांना मागच्या खेपेस छाप पडला कीं कांटा, हें नाण्याच्या ध्यानांत राहत नसतें. दर खेपेस हिशेब पहिल्यापासून सुरू होतो, आणि दुसऱ्या मुलाच्या वेळींहि तो चारांत एक असाच असतो.