नव्या घराचा नकाशा : सही करण्यापूर्वीचा अभ्यास

जागेची कागदपत्रे हाती आली की पहिल्या आठ-पंधरा दिवसांतच घराचा नकाशा तयार होतो. खोल्या किती हव्यात, देवघर कोठे, गाडी आहे काय, असे दोन-चार प्रश्न अभियंता विचारतो आणि त्यांच्या उत्तरांतून एक आराखडा कागदावर उतरतो. घरातील मंडळी तो पाहून संतुष्ट होतात, कारण हव्या होत्या त्या सर्व खोल्यांची नावे त्यात लिहिलेली असतात. आमच्या मते खरा अभ्यास येथून सुरू व्हावयास हवा. कागदावरील भिंत रबराने पुसता येते. तीच जोत्यावर चढली की हलविण्यास पैसा पडतो, आणि स्लॅब झाल्यावर तर कित्येक गोष्टी हलतच नाहीत. आपले पुष्कळसे वाचक निवृत्तीच्या सुमारास, आयुष्याची पुंजी एकत्र करून घर बांधतात. त्यांना हा खेळ दुसऱ्यांदा मांडता येत नाही. म्हणून सही करण्यापूर्वी त्या नकाशात आपल्या कुटुंबाचा एक सबंध दिवस, पहाटेच्या पहिल्या चहापासून रात्रीच्या कडीपर्यंत, जगून पाहावा, असे आम्ही सुचवितो.

उदाहरणासाठी ३० बाय ४० फुटांचा भूखंड घेऊ. बेळगावात व एकूणच कर्नाटकात तो फार प्रचारात आहे. रस्ता पूर्वेस आहे असे धरू. समोर पाच फूट व उरलेल्या तिन्ही बाजूंस तीन-तीन फूट सोडले (नेमके किती सोडावयाचे ते महानगरपालिकेच्या नियमांत पाहावे), तर बांधकामास २४ बाय ३२, म्हणजे ७६८ चौरस फूट उरतात. बाहेरची भिंत नऊ इंची धरली की आतली जागा साडेबावीस बाय साडेतीस, म्हणजे सुमारे ६८६ चौरस फूट भरते. नुसत्या बाहेरच्या भिंतींनी ऐंशीहून अधिक चौरस फूट घेतले, एक लहानशी खोलीच गेली म्हणावयाची. यास्तव नकाशावरील माप भिंतीच्या मध्यापासून आहे की आतून, हे प्रथम विचारावे. एका बाजूस नऊ इंची व दुसऱ्या बाजूस साडेचार इंची भिंत असलेली ‘१० बाय १२’ची खोली मध्यापासून मोजली असेल, तर आत ती साडेनऊ बाय साडेअकराहूनही किंचित कमी भरते. पलंगाला हा अर्धा फूट चांगलाच जाणवतो.

खोल्यांचा वाद घालण्याआधी जिन्याचा हिशेब करावा. नकाशात जिना म्हणजे चार रेघा आणि एक बाण, त्यामुळे त्याच्याकडे कोणी पाहत नाही, आणि जागा कमी पडली की पहिली कात्री त्यालाच लागते. खालच्या जमिनीपासून वरच्या जमिनीपर्यंत साडेदहा फूट, म्हणजे १२६ इंच उंची असेल आणि पायरी सात इंच उंच ठेवली, तर अठरा चढ होतात. मध्ये वळण घेणाऱ्या जिन्यात प्रत्येक बाजूस नऊ चढ, म्हणजे पाय ठेवण्याच्या आठ पायऱ्या आल्या. पायरी दहा इंच रुंद धरल्यास ऐंशी इंच, आणि वळणावरच्या चौथऱ्याचे तीन फूट मिळून लांबी नऊ फूट आठ इंच लागते. आता एखाद्या खोलीची हौस भागविण्यासाठी जिन्यास आठच फूट दिले असे समजू. चौथरा वजा जाता पाच फूट उरले. त्यात सहा पायऱ्या बसतात, दोन्ही बाजूंचे मिळून चौदा चढ होतात, आणि प्रत्येक चढ नऊ इंचांचा येतो. नॅशनल बिल्डिंग कोडच्या २०१६ च्या आवृत्तीत राहत्या घरासाठी चढाची उंची जास्तीत जास्त १९० मिलिमीटर, म्हणजे सुमारे साडेसात इंच, आणि पायरीची रुंदी कमीत कमी २५० मिलिमीटर सांगितली आहे. नऊ इंचांचा चढ तरुणपणी दिसतही नाही. साठीनंतर प्रत्येक पायरीवर तो हिशेब मागतो.

यातूनच या विषयातील सर्वांत नाजूक प्रश्न उद्भवतो. घर बांधणारे आई-वडील वरच्या मजल्यावर मुलासाठी एक, मुलीसाठी एक, अशा मोठ्या खोल्या काढतात. मुले पुण्यास, बंगळुरास किंवा परदेशी असतात आणि वर्षातून दहा-पंधरा दिवस येतात. त्या पंधरा दिवसांसाठी तळमजल्यावरची निजण्याची खोली आखडते, कधी ती नाहीशीच होते, आणि वर्षाचे उरलेले साडेतीनशे दिवस म्हातारा-म्हातारी जिना चढत राहतात. मुलांवरील मायेला आम्ही नावे ठेवीत नाही. पण नकाशातील प्रत्येक खोलीवर तेथे वर्षातून किती रात्री कोणी निजणार आहे तो आकडा पेन्सिलीने लिहावा, म्हणजे कोणती खोली खाली हवी आणि कोणती लहान चालेल, हे भांडणावाचून ठरते.

तळमजल्यावरील त्या खोलीला लागूनच न्हाणीघर व संडास असावा. त्याचे दार तीन फुटांचे ठेवावे आणि ते बाहेरच्या बाजूस उघडावे. आत कोणी घसरून पडले तर आत उघडणारे दार त्या माणसालाच अडते आणि बाहेरच्यांना आत शिरता येत नाही. उंबरठ्याविषयी आमच्यात मतभेद आहेत. मुख्य दाराचा उंबरठा पूजेचा आहे, तो असावाच; मात्र अर्ध्या इंचाहून उंच नसावा. न्हाणीघरास उंबरठा नको. पाणी अडविण्याचे काम जमिनीच्या उताराने करावे, ठेच लागणाऱ्या दगडाने नव्हे. वरच्या मजल्याचे न्हाणीघर बरोबर खालच्याच्या वर यावे. नळ सरळ उतरतात आणि स्वयंपाकघराच्या वा देवघराच्या छतातून गळतीची भीती राहत नाही.

आता सामान. पाव इंचास एक फूट या प्रमाणात पुठ्ठ्याचे तुकडे कापावेत : सहा बाय साडेसहा फुटांचा पलंग, दोन फूट खोल कपाट, जेवणाचे टेबल, फ्रिज, आजोबांची आरामखुर्ची. ते नकाशावर ठेवून पाहिले की दारांच्या चुका आपोआप बोलू लागतात. दहा बाय बारा (हे आतले माप) या खोलीत दहा फुटी भिंतीला उशी करून पलंग ठेवला, तर दोन्ही बाजूंस दोन-दोन फूट राहतात आणि पायथ्याशी साडेपाच फूट. समोरच्या भिंतीच्या मधोमध तीन फुटी दार असेल, तर कपाटासाठी साडेतीन फुटांचे दोन तुकडे उरतात. तेच दार कोपऱ्यात सरकविले की जवळजवळ सात फुटांची सलग भिंत मिळते. एकही पैसा खर्च न होता कपाट बसले.

स्वयंपाकघराचा नकाशा गृहिणीला बहुधा सही झाल्यावर दाखविला जातो, ही रीत आम्हांस लाजिरवाणी वाटते. जी व्यक्ती दिवसाचे पाच-सहा तास तेथे उभी राहते, तिनेच ओट्याची उंची ठरवावी. सरळ उभे राहून हात कोपरात वाकवावा व कोपराखाली चार-पाच बोटे ओटा यावा. समोरासमोर दोन ओटे हवे असतील, तर दोन-दोन फुटांचे ते ओटे आणि मध्ये चार फूट मिळून खोलीची रुंदी आठ फूट लागते. मधले अंतर तीनच फूट राहिले, तर दोघींना पाठीला पाठ लावून काम करता येत नाही, आणि सणाच्या दिवशी नेमके तेच करावे लागते.

देवघर आणि दिशा यांविषयी वाचक आम्हांस नेहमी विचारतात. सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या बृहत्संहितेत वास्तुविद्येचा स्वतंत्र अध्याय आहे. त्यात ईशान्येस देवघर व आग्नेयेस स्वयंपाकघर सांगितले आहे. आपल्या पूर्वाभिमुख भूखंडावर हे दोन्ही पुढच्या कोपऱ्यांत येतात आणि सोयीचेही पडतात. बेळगावास पावसाळी वारा मुख्यतः पश्चिमेकडून येतो. चूल पूर्वेकडे असली की फोडणीचा धूर घरात न फिरता बाहेर जातो. परंतु ईशान्य साधावयाची म्हणून कपाटाएवढ्या अंधाऱ्या खणात देव बसवावेत, हे आम्हांस पटत नाही. चार बाय पाच फूट जागा, एक खिडकी, आणि गुडघे दुखणाऱ्या आजींना खुर्ची ठेवून बसता येईल एवढी ऐसपैस बाजू, एवढे तरी हवेच. घर उभे राहिल्यावर भिंती फोडून दिशा सुधारण्यापेक्षा हा विचार कागदावर असतानाच उरकावा.

सूर्याचा विचार मात्र फार थोडे लोक करतात. बेळगावचा अक्षांश सुमारे १५.९ उत्तर. डिसेंबरच्या अखेरच्या पंधरवड्यात मध्यान्हीचा सूर्य दक्षिणेस क्षितिजापासून सुमारे ५१ अंशांवर असतो. मेच्या पहिल्या आठवड्यापासून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत तो डोक्यावरून किंचित उत्तरेकडे झुकतो. म्हणून दक्षिणेच्या चार फूट उंच खिडकीवर लगेच दोन फुटांचा छज्जा काढला, तर डिसेंबरात दुपारी तिच्या खालच्या दीड फुटातून ऊन आत येते आणि मार्चअखेरपासून उन्हाळाभर मध्यान्हीचे ऊन येतच नाही. (इंदूरच्या वाचकांकडे हिवाळ्यातील सूर्य आणखी खाली, सुमारे ४४ अंशांवर असतो, त्यामुळे तेथे हा लाभ अधिक.) पश्चिमेच्या खिडकीस छज्जा उन्हासाठी उपयोगी नाही, कारण सायंकाळचे ऊन आडवे येते. वृद्धांची खोली पश्चिमेच्या भिंतीवर टेकविण्याऐवजी दक्षिणेच्या मध्यभागी घ्यावी आणि पश्चिमेस जिना, न्हाणीघर व कपाटे लावावीत. ऊन आणि पावसाचा मारा ती सोसतात, माणसे आत सुखात राहतात.

एवढे झाल्यावर नकाशा जमिनीवर उतरवून पाहावा. जागा साफ करून फक्कीने भिंतींच्या रेघा आखाव्यात. काटकोन साधण्याची जुनी युक्ती तीन, चार, पाच या आकड्यांची : एका बाजूस सहा फूट, दुसरीस आठ फूट मोजावे, त्यांची टोके जोडणारी दोरी दहा फूट भरली की कोन बरोबर. यज्ञवेदी दोरीने आखण्याच्या निमित्ताने बौधायनाच्या शुल्बसूत्रात कर्णाचा हा नियम सांगितला आहे. योगायोगाने आपल्या २४ बाय ३२ च्या घराचा कर्ण नेमका ४० फूट येतो, तेव्हा दोन्ही कर्ण तेवढेच भरतात काय ते घरच्या टेपनेही तपासता येते. मोकळ्या जागेत आखलेल्या खोल्या फारच लहान दिसतात, ही नजरेची चूक होय. घाबरून कोणी दोन-दोन फूट वाढवावयास सांगू नये. त्याऐवजी घरची एक खाट आणि दोन खुर्च्या तेथे न्याव्यात. दारांच्या जागा मोकळ्या सोडून आजोबांनी खाटेपासून न्हाणीघरापर्यंत, सुनेने ओट्यापासून जेवणाच्या जागेपर्यंत एकदा चालून पाहावे, आणि जी रेघ आड येईल ती खोदाईचे मजूर येण्यापूर्वी पायाने पुसून टाकावी.