रोहित पक्षी पडत का नाही?

मराठीचा तास होता. पाठ संपल्यावर मी नेहमीप्रमाणे विचारले, "कोणाला काही विचारायचे आहे?"

मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. तो इंदापूर तालुक्यातून, भिगवणच्या बाजूने, एस.टी.ने बारामतीला शाळेत येई. त्याचे वडील उजनी धरणाच्या पाण्यात मासे धरत. घरी उर्दू, शाळेत उर्दू. मराठी बोलताना तो अडखळत असे. तरीही शब्द जुळवत तो म्हणाला, "सर, आमच्याकडे हिवाळ्यात रोहित पक्षी येतात. ते एका पायावर झोपतात. मग पडत का नाहीत?"

"दुसरा पाय उचलला की पडतील!" कोणीतरी ओरडले. सारा वर्ग हसला. खरे सांगायचे तर मलाही हसू आले. तो मुलगा मान खाली घालून बसला. पुढे आठ दिवस त्याने तोंड उघडले नाही. मला फार वाईट वाटले, कारण त्याच्या प्रश्नाचे उत्तर मलाही येत नव्हते.

मग मी मुलांना रेडिओची गोष्ट सांगितली. हसत हसत चार गोष्टी सांगणे आपल्या रेडिओला नवे नाही. आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावरील 'पुन्हा प्रपंच' या कार्यक्रमातले टेकाडे भावजी जुन्या लोकांना आजही आठवतात. इंग्लंडमध्ये बीबीसी रेडिओवर 2009 साली 'द इन्फिनिट मंकी केज' नावाचा कार्यक्रम सुरू झाला. ब्रायन कॉक्स हे भौतिकशास्त्रज्ञ आणि रॉबिन इन्स हे विनोदी कलाकार तो सादर करीत. सोबत पाहुणे शास्त्रज्ञ आणि विनोदवीर बसत. 'स्ट्रॉबेरी नेमकी कधी मरते?' या प्रश्नावर तिथे पुन्हा पुन्हा वाद रंगला!

मुलांना ही कल्पना आवडली. शनिवारी वर्गातच 'रेडिओ' सुरू झाला. टेबल मांडले, स्टीलचा पेला माइक झाला. दोघे विदूषक, दोघे पंडित. नियम एकच : प्रश्न कितीही वेडा चालेल, पण उत्तर खरे हवे. येत नसेल तर 'माहीत नाही' म्हणायचे आणि शोधायचे.

बारामतीची मुले स्ट्रॉबेरीऐवजी द्राक्षावर आली. "तोडलेले द्राक्ष जिवंत की मेलेले?" विदूषक म्हणाला, "मी खाल्ले की मेलेले!" पंडित मुलीने सांगितले, "तोडल्यावरही फळाच्या पेशी काही दिवस श्वसन करतात." वर्ग हसला आणि गप्पही झाला.

मग रोहित पक्ष्याची पाळी आली. दरम्यान मी उत्तर शोधून ठेवले होते. 2017 साली अमेरिकेतील दोन शास्त्रज्ञांनी याच प्रश्नाचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी मेलेला रोहित पक्षी एका पायाला धरून उभा केला. स्नायूंचे काहीच बळ नसताना त्याचे शरीर स्थिर राहिले! दोन पायांवर मात्र ते तसे स्थिर राहीना. म्हणजे एका पायावर झोपताना या पक्ष्याला फारसे कष्टच पडत नसावेत. आपली तंगडी मात्र पाच मिनिटांत दुखू लागते.

पुण्याचे खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर यांची आठवण मी तेव्हा सांगितली. मुले स्वाक्षरी मागू लागली की ते म्हणत, पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठवा. उत्तराखाली त्यांची स्वाक्षरी येई. म्हणजे स्वाक्षरीची किंमत एक प्रश्न!

मागच्या बाकावर हालचाल झाली. तो मुलगा उभा राहिला. "सर, मग बगळ्याचेही असेच असते का?"

दोन्ही पंडितांनी एकमेकांकडे पाहिले. विदूषक पेल्यात तोंड घालून म्हणाला, "माहीत नाही!" या वेळी तो मुलगाही हसला. मी खडू घेतला आणि त्याचा प्रश्न फळ्यावर लिहिला.